फक्त मी

जिना चढून आलेल्या बाईंना दम लागला होता, डावा पाय जरा जपून पडत होता, तरी बसण्याआधी त्यांनी खुर्ची टेबलासमोर सरळ रेषेत लावून घेतली. आयुष्यभर वर्ग सांभाळलेल्या माणसाची ती सवय टपालकाकांनी लगेच ओळखली.

"चोरी झालेली नाही, कोणी धमकावलेलं नाही," बाई म्हणाल्या. "अकरा महिने झाले, माझ्याशी कोणी बोलत नाही. माझं काय चुकलं, तेवढं शोधून द्या."

टेबलापलीकडे बसलेल्या तपासनीस बाईला सगळे टाचणी म्हणत. पंधरा वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात घालवल्यावर तिने ही खोली भाड्याने घेतली होती. नाव कुणी ठेवलं ते तिलाही आठवत नव्हतं, पण अंगकाठीला आणि बोलण्याला ते चपखल बसत होतं. टपालकाका तिचे मदतनीस. टपालखात्यात छत्तीस वर्षं पत्रं वेगळी करण्यात गेली, पत्नी गेली, मूलबाळ नाही. घरात भिंती खायला उठतात म्हणून ते रोज दहाला इथे येऊन बसत. टाचणीच्या डोक्यात जे चालायचं ते त्यांच्यापर्यंत एक दिवस उशिराने पोचायचं. पत्रासारखंच, असं ते स्वतःच म्हणत.

बाईंनी सांगितलं ते असं. चौतीस वर्षं एकाच शाळेत त्यांनी भूगोल शिकवला. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. एकुलता एक मुलगा परदेशात. चार वर्षांपूर्वी सुनेने त्यांना सोशल मीडियावर पान उघडून दिलं आणि हातात टॅबलेट देऊन लिहायला बसवलं. रोज सकाळी चहा झाला की बाई काहीतरी लिहायच्या. एखाद्या नदीबद्दल, वर्गातल्या एखाद्या गमतीबद्दल, गुडघ्याबद्दलसुद्धा. जुने विद्यार्थी वाचायचे, भांडायचे, चुका काढायचे. दोनशेवर माणसं होती. आणि मग एक दिवस सगळं थंडावलं.

"कोणी चकार शब्द लिहीत नाही. साधा अंगठासुद्धा नाही," बाई म्हणाल्या. "मी मात्र रोज लिहिते. वर्गात कोणी ऐकत नसलं तरी तास घ्यावाच लागतो."

"कुणाला विचारलं नाहीत?" टाचणीने विचारलं.

"काय विचारू? 'तुम्ही मला का टाकलंत' म्हणून?"

ते त्या इतक्या सरळ म्हणाल्या, की काकांना उगाचच खिडकीबाहेर बघावंसं वाटलं.

टाचणीने काकांना त्यांच्या स्वतःच्या फोनवर बाईंचं पान शोधायला लावलं. पान सापडलं. काकांनी वर-खाली करून पाहिलं. सगळ्यात वरची पोस्ट अकरा महिन्यांपूर्वीची, दोन तारखेची होती, ज्वालामुखींवरची. त्यानंतर काहीच नाही.

"बाई, तुम्ही तर तेव्हापासून लिहिलेलंच नाही," काका म्हणाले.

बाईंनी आपला फोन पुढे केला. त्यावर आजची सकाळची पोस्ट होती, कालची होती, परवाचीही होती. काकांनी चष्मा पुसला आणि दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले. पान तेच, नाव तेच, पण एका फोनवर बाई रोज बोलत होत्या आणि दुसऱ्यावर अकरा महिने मुक्या होत्या. टाचणीने काकांच्या फोनवर बाईंच्या कालच्या पोस्टमधला 'खाडी' हा शब्द शोधून पाहिला. काही सापडलं नाही.

मग तिने बाईंच्या फोनवर बोट टेकवलं. तारखेच्या शेजारी, तिळाएवढं, एक कुलूप होतं.

"हे कधी पाहिलंत?"

"पाहिलं ना. कुलूप आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं समजले मी."

"पोस्ट कुणाला दिसावी ते आपण ठरवू शकतो. सगळ्यांना, ओळखीच्यांना किंवा कुणालाच नाही. या कुलपाचा अर्थ 'फक्त मी'. तुम्ही लिहिता आणि तुम्हालाच दिसतं. बाई, तुम्हाला कोणी टाकलेलं नाही. अकरा महिने त्यांच्यापर्यंत तुमचा आवाजच पोचलेला नाही."

बाईंनी पर्समधून रुमाल काढला, न वापरता परत ठेवला आणि म्हणाल्या, "मला हे करता येत नाही. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी केलं. कुणी केलं?"

टाचणीने कुलपं मोजत मागे जायला सुरुवात केली. आजपासून मागे तीनशेवर पोस्टना कुलूप होतं. पहिली कुलूपबंद पोस्ट तीन तारखेची, रविवारची. आणि विचित्र म्हणजे त्या एका पोस्टखाली एकशे चाळीस जणांनी लिहिलेलं होतं. चार-पाच तारखेला बाई त्याच पोस्टखाली उत्तरं देत होत्या, नवं काही लिहिलं नव्हतं. सहा तारखेपासून पुढच्या सगळ्या मात्र कोऱ्या.

तीन तारखेची पोस्ट सुनेबद्दल होती. टाचणीने ती मनात वाचली आणि काकांकडे दिली. माझी सून घर सोडून गेली आणि तिने योग्य केलं, असं बाईंनी लिहिलं होतं. दोनदा तिची कूस रिकामी झाली, दुसऱ्या वेळी माझा मुलगा दवाखान्यातही फिरकला नाही, तेव्हा दोष माझ्या मुलाचा आहे, हे आई म्हणून मीच सांगते. खाली लोकांनी बाईंच्या धैर्याचं कौतुक केलं होतं, डॉक्टरांचे पत्ते दिले होते, सुनेला नावंही ठेवली होती. शेवटी दोन जण हमरीतुमरीवर आले होते. पाच तारखेला दुपारी पावणेतीनला एकाने दुसऱ्याला खडा सवाल टाकला होता. त्याला उत्तर नव्हतं.

"सून आता कुठे असते?"

"ठाऊक नाही. घटस्फोट झाला तेव्हा एक बॅग आणि तिचा तो टॅबलेट घेऊन गेली. मग मुलाने मला हा फोन पाठवला. डोळे तपासायचं शिक्षण झालं होतं तिचं, चष्म्याचे नंबर काढायची. गाव सोडून गेली, असं कुणीतरी म्हणालं. माझ्याशी संबंध ठेवायचं तिला कारण काय?"

बाईंचा स्वतःचा संशय मोबाइलवाल्यावर होता. त्याच आठवड्यात फोनची काच फुटली होती, तो दुरुस्तीला दिला होता आणि परत आला तेव्हापासून ही अवकळा. त्यांनी दुकानाची पावतीही जपून ठेवली होती. त्यावर आठ तारीख होती.

मग जाता जाता, अगदी सहज, त्यांनी पायाचं सांगितलं. चार महिन्यांपूर्वी सकाळी अकराच्या सुमाराला त्या न्हाणीघरात पडल्या. उठता येईना. फोन गाऊनच्या खिशात होता. मुलाला लावला, त्याने उचलला नाही. मग त्यांनी आपल्या पानावर लिहिलं, 'न्हाणीघरात पडले आहे. उठता येत नाही. कोणी जवळ असेल तर या.'

"दोनशे जणांत एकजण तरी जवळ असेल, असं वाटलं," बाई म्हणाल्या. "कोणी आलं नाही. नशीब बलवत्तर, म्हणून अर्ध्या तासात आमचा वॉचमन दुसऱ्याच कामासाठी जादाची किल्ली घेऊन आला. घोटा मोडला होता."

टाचणीने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आणखी एक गोष्ट पाहिली. बाईंचं खातं दोन ठिकाणी उघडं होतं. एक हा फोन. दुसरं एक यंत्र, याच शहरातलं, आज सकाळी पावणेसातला वापरलेलं.

बाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता ते बंद करा. टाचणीने हात आडवा धरला. "बंद केलं तर तो माणूस कळणार नाही. चार दिवस रोजच्यासारखं लिहा. आमच्याबद्दल मात्र अक्षरही नको."

बाई गेल्यावर काका म्हणाले, "मुलगाच. स्वतःची बेअब्रू कोणाला सहन होते?"

"बघू," टाचणी म्हणाली. "काका, तुम्ही कधी काही लिहिता का तुमच्या पानावर?"

काका वरमले. महिन्यातून एखादा कुंडीचा फोटो, बस. टाचणीने त्यांना एक जुना फोटो 'फक्त मी' करायला सांगितला. त्यांनी केला. मध्ये फोनने काहीतरी विचारलं, काकांनी 'ठीक आहे' दाबलं. उद्या आणखी एक कुंडी टाका, ती म्हणाली. का, ते सांगितलं नाही.

मोबाइलवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची बोळकांडी. तो बाईंचाच विद्यार्थी, आता चाळिशीचा, डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी फोनची आतडी बाहेर काढत बसला होता. बाईंचं नाव निघताच त्याने भिंग काढलं. काच बदलायला पासवर्ड लागत नाही, तो म्हणाला, फोन बंद अवस्थेतच होता. आठ तारखेला आला, नऊला दिला.

"बाईंनी लिहिणं सोडलं ना," तो मग स्वतःहूनच म्हणाला. "मी दोन-तीनदा पान उघडून पाहिलं. त्या सुनेच्या पोस्टवरून घरात काही झालं असणार, असं आम्ही सगळे समजलो. नंतर ती पोस्टही दिसेना. त्या दिवशी मी तिथे एकाशी भांडत होतो. विचारायला संकोच वाटला. दुखावल्या असतील, म्हटलं."

"गेला असतात तर?"

"दोन गल्ल्या पलीकडे राहतात," तो म्हणाला आणि पुन्हा भिंग लावलं. "दोन गल्ल्या."

मुलाशी फोनवर बोलणं झालं. पडद्यावर एक उंच, थकलेला माणूस दिसला. मागे पडदा नसलेली खिडकी आणि एकच खुर्ची. आधी तो ताडकन म्हणाला, की आईच्या पानाशी त्याचा काही संबंध नाही. मग हळूहळू बोलला. ती पोस्ट पाहून त्याने आईला फोन केला होता, काढून टाक म्हणून ओरडला होता. तिने ठाम नकार दिला. तेव्हा त्याने तिचं लिहिणं आपल्याला दिसूच नये अशी व्यवस्था केली. त्यानंतर एकदाही पाहिलेलं नाही.

"तुमच्याकडे तिचा पासवर्ड होता?"

"ते सगळं बायकोनं... तिनं केलं होतं. मला आईचं लिहिणं म्हणजे रिकामपणचा उद्योग वाटायचा."

आई पडली त्या दिवशी तिचा फोन आलेला त्याला झोपेतून उठल्यावर दिसला होता. त्याने उलट फोन केला, तर ती म्हणाली, सहज केला होता. पाय मोडल्याचं त्याला पंधरा दिवसांनी कळलं.

"आई मला काही सांगत नाही," तो म्हणाला. "दर रविवारी बोलतो आम्ही. सगळं ठीक आहे म्हणते."

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "खोटं बोलतोय."

"याच शहरातलं यंत्र आहे, काका. आणि हा सात समुद्रांपलीकडे."

बाईंच्या इमारतीचा वॉचमन फाटकाशी खुर्ची टाकून बसला होता. त्या दिवसाची आठवण त्याला लख्ख होती; नोकरीचा पहिलाच आठवडा होता, कोणत्या घरात कोण राहतं तेही त्याला ठाऊक नव्हतं. बाईंच्या खालच्या घरातून एका बाईचा फोन आला, वरच्या न्हाणीघरातून पाणी गळतंय, ताबडतोब किल्ली घेऊन वर जा म्हणाली. तिने दोनदा बजावलं, आत्ताच जा. तो गेला, तर बाई जमिनीवर. गळती मात्र कुठेच नव्हती.

"आवाज ओळखीचा होता?"

"छे. मागे फार गलका होता. कोणीतरी नंबर पुकारत होतं. आणि एकजण सारखा म्हणत होता, मिटून ठेवा, अजून उघडू नका."

काकांना वाटलं, दुकान असेल, शटर मिटून ठेवा म्हणत असतील. वर जाताना टाचणी खालच्या मजल्यावर थांबली. दाराला कुलूप होतं. कुलपावर धूळ होती आणि कडीत कोळ्याने जाळं विणलं होतं. वीज कंपनीची नोटीस दाराला चिकटवलेली होती, वर्षापूर्वीच्या तारखेची. घरात एक वर्ष कोणी राहत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टाचणीने विचारलं, "काका, तुमच्या कुंडीचं काय झालं?"

"काय होणार? टाकली काल. कोणी काही म्हणालं नाही."

"नवल वाटलं?"

"नाही बुवा. माझ्या कुंडीला कधी कोण काय म्हणतं?"

तिने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. दुपारी एकटीच बाहेर गेली आणि संध्याकाळी काळा चष्मा लावून परतली. चष्मा काढला तेव्हा तिच्या बुबुळांचे काळे ठिपके वाटाण्याएवढे झालेले होते आणि समोरचा कागद तिला वाचता येत नव्हता. काय झालं, असं काकांनी विचारलं, तर म्हणाली, "एका ठिकाणी नंबर लावला होता. शनिवारी चार वाजता बाईंकडे जायचं."

शनिवारी बाईंनी तिघांसाठी चहा केला होता. खोली लहान, लख्ख आवरलेली. भिंतीवर जगाचा नकाशा. तीन खुर्च्यांपैकी दोन कुणी बसत नसल्यामुळे नव्यासारख्या दिसत होत्या.

"मोबाइलवाला सोडून द्या," टाचणीने सुरुवात केली. "फोन दुकानात गेला आठ तारखेला. तुमच्या सहा आणि सात तारखेच्या पोस्टही कोऱ्याच आहेत. तुम्हाला वाटलं, एखाद-दोन दिवस लोक कामात असतील. फोन परत आल्यावर तुम्ही दिवस मोजायला लागलात, म्हणून दोष दुकानाला लागला. शांतता त्याच्या आधीच सुरू झाली होती."

"मग कधी?"

"पाच तारखेला दुपारी, पावणेतीननंतर लगेच. दोघे भांडत होते, एकाने सवाल टाकला आणि दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही. चिडलेला माणूस मध्येच गप्प बसत नाही. त्याच्या डोळ्यांसमोरून ती पोस्टच गेली. आता हे पाहा. दोन तारखेचा ज्वालामुखी अजून सगळ्यांना दिसतो. त्याआधीचं सगळं दिसतं. तुमचं तोंड बंद करायचं असतं, तर जुनंही झाकलं असतं. त्या माणसाला एकच पोस्ट झाकायची होती. सुनेची."

"आणि नंतरच्या तीनशे?"

टाचणीने काकांचा फोन मागून घेतला. परवाची कुंडी दाखवली. शेजारी कुलूप होतं.

"काकांनी एक जुना फोटो झाकला. तेव्हा फोनने विचारलं, पुढच्या पोस्टनाही हेच लावू का? 'हो'वर आधीच खूण होती. काकांनी न वाचता पुढे दाबलं. दुसऱ्या दिवशीची कुंडी कुलपात गेली आणि त्यांना पत्ताही लागला नाही."

काकांना आता कुठे उमगलं. आपल्या कुंडीला कोणी काही म्हणालं नाही, याचं आपल्याला नवलही वाटलं नव्हतं, हे त्यांना टाचणीसमोर म्हटल्याचं आठवलं आणि कान गरम झाले.

"म्हणजे चुकून झालं?" बाईंनी विचारलं.

"सुरुवात चुकून. ती पोस्ट झाकावीशी वाटणारी माणसं दोन. मुलगा आणि सून. मुलगा परदेशात, आणि दुसरं यंत्र याच शहरात. पासवर्डही त्याच्याकडे कधी नव्हता. तुमचं खातं पहिल्यांदा उघडलं गेलं ते सुनेच्या टॅबलेटवर. तो ती घेऊन गेली. त्यावरून तुम्हाला कोणी बाहेर काढलंच नव्हतं."

"ती इथे नाही."

"इथेच आहे. तुम्ही पडलात त्या दिवशी ज्या घरातून तक्रार आली, तिथे वर्षभर कोणी राहत नाही. म्हणजे फोन करणारीला तुम्ही पडल्याचं माहीत होतं, आणि ते तुम्ही फक्त एकाच जागी लिहिलं होतं, कुलपाआड. तुमच्या खात्यातून वाचणाऱ्यालाच ते दिसलं असणार. तिच्या मागे नंबर पुकारत होते आणि कोणीतरी म्हणत होतं, मिटून ठेवा, उघडू नका. काकांना दुकान वाटलं. डोळ्यांत थेंब घातल्यावर असं सांगतात. सून डोळे तपासते, हे तुम्हीच पहिल्या दिवशी म्हणालात. नंबर पुकारावे लागतील एवढी गर्दी असलेले डोळ्यांचे दवाखाने शहरात दोनच. दुसऱ्यात मी नंबर लावला. तपासता तपासता मी एवढंच म्हटलं, की भूगोलाच्या बाईंकडून आले आहे. तिच्या हातातली बाटली खाली पडली. म्हणाली, घोटा परत दुखायला लागला का?"

बाईंनी चहाचा कप बशीत ठेवला. आवाज झाला नाही.

"तिच्या नव्या जागी कुणाला काही माहीत नव्हतं," टाचणी पुढे म्हणाली. "पाच तारखेला जेवणाच्या सुट्टीत एका सहकारी बाईने मोबाइलवर ती पोस्ट वाचून दाखवली. बघा, कशी सासू असते, म्हणून. सगळ्या हळहळल्या. कूस कितीदा रिकामी झाली, ते सगळ्यांनी ऐकलं. हिलाही मान डोलवावी लागली. मग तिने घरी जाण्याचं कारण काढलं आणि टॅबलेट उघडला. त्या दिवसापासून तो कामावरही तिच्या पिशवीत असतो."

"मी तिची बाजू घेतली होती," बाई म्हणाल्या.

बाई नकाशाकडे बघत राहिल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "तिचं दुःख. मी ते चव्हाट्यावर मांडलं. तिला विचारलं नाही."

मग त्यांचा आवाज बदलला. "पण पुढचं? सगळंच बंद झालंय, हे तिला कधी कळलं?"

"पंधरा दिवसांनी. कुणीच काही म्हणत नाही, हे तिच्या लक्षात आलं. कुलूप काढायला दोन बोटं पुरली असती. तिने काढलं नाही. मी कारण विचारलं. म्हणाली, सकाळी पावणेसातला उठून चहा करते आणि बाई काय म्हणतात ते वाचते, मग दिवस निघतो. तिच्याशीही कोणी बोलत नाही, बाई. कुलूप काढलं असतं, तर रोज सकाळी तुम्हाला वाचणाऱ्या दोनशेमधली ती एक झाली असती."

"मी लिहिलं होतं तिथे, की मी मेले तरी कुणाला कळणार नाही. ते वाचलं तिनं?"

"वाचलं."

"आणि तरी गप्प राहिली."

"हो. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तिच्याकडेही नव्हतं."

काकांना वाटलं, बाई आता रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांचा चेहरा कठोर झाला होता. वर्गात कॉपी सापडल्यावर जसा झाला असेल तसा. तिने मला उचलायला माणूस पाठवला, त्या म्हणाल्या, आणि तिनेच मला अकरा महिने एका खोलीत बंद केलं. दोन्ही एकाच हाताने. याचा जमाखर्च कसा मांडायचा असतो, ते तुम्हाला माहीत आहे का? मला नाही.

टाचणीने त्यांना कुलूप कसं काढायचं ते दाखवलं. एकेक करूनही काढता येतं, सगळी एकदमही. दुसरं यंत्र कसं बंद करायचं, तेही दाखवलं. बाईंनी लक्ष देऊन पाहिलं, पण बोट कशावरच टेकवलं नाही.

"एक सांगायचं राहिलं," टाचणी उठता उठता म्हणाली. "आज चार वाजता मी तुम्हाला सगळं सांगणार आहे, हे मी तिला कळवलं होतं. पाच वाजता यायचं की नाही, ते तिनं ठरवावं, म्हणाले."

घड्याळात पाचला दहा मिनिटं होती. काकांना जावंसंही वाटत होतं आणि थांबावंसंही. पाच वाजले, पाच होऊन गेले. बाईंनी कप उचलून मोरीत नेऊन ठेवले, विसळले, पालथे घातले. सव्वापाचला जिन्यावर पावलं वाजली. खालच्या मजल्यावर थांबली. बराच वेळ थांबली. मग पुन्हा वर येऊ लागली.

बाईंनीच दार उघडलं. दारात पस्तिशीची एक बाई उभी होती, अंगावर दवाखान्याचा फिका निळा कोट तसाच. तिने वाकून नमस्कार करायचा की नाही, हे ठरत नसल्यासारखे हात अर्धवट पुढे केले आणि मागे घेतले. बाईंनीही हात पुढे केला नाही.

"आत ये," बाई शेवटी म्हणाल्या. "दार लावून घे. पाहुणे निघालेतच."

त्यांनी नव्यासारख्या खुर्च्यांपैकी एक ओढली आणि तिला बसायची खूण केली. स्वतः समोर बसल्या, हात मांडीवर ठेवून, पाठ ताठ.

"तीनशे दिवस मी बोलले आणि तू ऐकलंस," बाई म्हणाल्या. "त्याआधी तुझं मी बोलले, तुला न विचारता. आता तू बोल. पहिल्यापासून. मी मध्ये बोलणार नाही."

टाचणीने काकांच्या कोपराला हात लावला. दोघे बाहेर आले. दार बंद झालं. जिन्यावर काका मुद्दाम हळू उतरत होते. आत आधी काहीच ऐकू येत नव्हतं. मग एक आवाज आला, खालचा, अडखळणारा, पुष्कळ दिवस न वापरल्यामुळे खरखरणारा. एक वाक्य झालं. थांबला. मग दुसरं सुरू झालं.

"चला, काका," टाचणी म्हणाली. "ते आपल्यासाठी नाही."